पाट्याची सुरी

(तालुक्याच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आमच्यापेक्षा जाणकार लोक पुढे बसले आहेत. त्यांचे ऐकायचेच आहे. त्याआधीचा थोडा वेळ आम्ही मागून घेतला तो या सुरीसाठी. ही बघा. पाते पाच इंच, मूठ चार इंच. पाते जीपच्या तुटक्या पाट्यातून काढले आहे आणि मूठ मोडक्या तिफनीच्या बाभळीच्या दांडीची आहे. आम्ही चौघांनी मिळून केली. चौघांत लोहार एकही नाही. दिसायला काही देखणी नाही, पाते एका अंगाला जरा कललेले आहे, तेही लपवत नाही. पण ज्वारीची कणसे कापायला दोन दिवस सलग वापरली आणि धार टिकली.

कोणी म्हणेल, बाजारात चहा-भज्याच्या पैशात सुरी मिळते, त्यासाठी भाषण कशाला? बरोबर आहे. आम्हीही आधी हेच म्हणत होतो.

आम्ही दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. आमची जमीन कशी ते इथल्या अकोल्याकडच्या भावांना सांगायला नको, पूर्णेच्या दोन्ही काठांची माती एकच. पाऊस पडला की चार-चार दिवस वावरात पाय घालता येत नाही. उघडीप मिळाली की वापसा येतो तो दोन दिवसांचा पाहुणा. तिसऱ्या दिवशी भुई दगड होते. डवरणीचे जे काही करायचे ते त्या दोन दिवसांत. असल्याच एका वापशाला आमच्यातल्या एकाच्या डवऱ्याची पास मधोमध मोडली. गावात लोहार नाही. होता, पण त्याचा भाता बंद होऊन बरीच वर्षे झाली. पोरगा शहरात खिडक्यांच्या जाळ्या जोडतो. मोडकी पास घेऊन तालुक्याला गेलो, दुकान बंद. दुसऱ्या दिवशी नवी पास मिळाली, ती जुन्या डवऱ्यात बसेना. ती बसवून घेईपर्यंत आभाळ भरून आले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. पऱ्हाटी तणात बुडाली आणि निंदणाला दुप्पट बाया लावाव्या लागल्या. हातभर लोखंडाच्या पट्टीपायी.

त्या रात्री पारावर बसलो असता विषय निघाला. लोहार गावात होता तेव्हा हंगामाच्या आधी वखराची पास, फाळ, कुऱ्हाड, विळे सगळे त्याच्याकडे शेवटायला जायचे. म्हातारे सांगतात, खळ्यावर बैलजोडीमागे ठरलेली ज्वारी त्याच्या घरी जायची. बलुत्याची ती पद्धत चांगली होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी ज्वारी मोजून जाते त्याचा मान त्या मापावरच ठरतो, आणि दुष्काळात पहिले माप त्याचेच कमी होते. त्याचा पोरगा गाव सोडून गेला तो शहाणाच ठरला. पण त्याच्याबरोबर हातही गेला, आणि आमच्यापैकी कोणाला लोखंड तापवून सरळसुद्धा करता येत नाही, हे त्या रात्री लक्षात आले. पन्नास-पन्नास वर्षे लोखंडाच्या अवजारावर पोट भरणारी माणसे आम्ही! तेव्हा ठरले की कापूस घरात आला की शिकायचे. पास मोठी असते, आधी सुरी करून पाहू.

पहिली सुरी आणि दुसरी

फाल्गुनात कामाला लागलो. भट्टी म्हणजे जमिनीत खड्डा, कडेला माती-विटांची भिंत, आणि खालून वारा घालायला एक लोखंडी नळी. भाता कुणाकडे नव्हता. भंगारात हाताने फिरवायचा एक जुना पंखा मिळाला, तो नळीला जोडला. कोळसा बाभळीचा. ऐरण म्हणून एक जाड लोखंडी ठोकळा ओंडक्यात बसवला.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. ऐरणीसाठी सगळे जण रुळाचा तुकडा सुचवतात. तुकडा उत्तम असतो, पण पावतीवाचून तो घरात ठेवू नका. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा ठेवण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तुम्ही तो विकत घेतला की उचलून आणला हे पोलिसाला सांगत बसावे लागते.

पहिले लोखंड घेतले ते गाडीच्या जुन्या चाकाची धाव. आमची समजूत अशी की इतकी वर्षे दगडगोट्यांवरून फिरली, म्हणजे लोखंड टणक असणार. तापवले, ठोकले, कानशीने घासून आकार दिला. लोखंड मऊ, काम झटपट झाले, आम्ही खूश. लाल करून पाण्यात बुडवले, चुर्र आवाज आला, आणखी खूश. मूठ बसवून ज्वारीच्या ताटावर पहिला वार केला तर धार मुडपली. पत्र्याची कडा मुडपते तशी.

याचे कारण आम्हाला पुढे कळले, ते इथे सांगतो म्हणजे तुमचे कष्ट वाचतील. लोखंड टणक होते ते त्यात मिसळलेल्या कोळशामुळे, म्हणजे कार्बनमुळे. मऊ लोखंडात, म्हणजे गाडीची धाव, खिडकीचे गज, साधी पट्टी यांत, शंभर किलोत कार्बन पाव किलोसुद्धा नसतो. असले लोखंड कितीही लाल करा आणि कितीही पाण्यात बुडवा, ते ओले होते, टणक होत नाही. ट्रकच्या पाट्यात शंभर किलोला अर्धा किलो किंवा थोडा वर कार्बन असतो. कानशीत तो एक किलोच्या वर जातो, म्हणून कानस काचेसारखी कडक आणि काचेसारखीच ठिसूळ. अर्ध्या-पाऊण किलोने एवढा फरक पडतो हे आमच्या मनाला पटायला वेळ लागला, पण विरजणाचा चमचा दुधाचे काय करतो हे आपण रोज पाहतोच.

भंगारातून लोखंड ओळखायचा सोपा उपाय म्हणजे ठिणगी. धार लावणाऱ्याच्या फिरत्या दगडाला तुकडा लावा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांसारख्या निघतात, फाटे कमी. पाट्याच्या आणि कानशीच्या ठिणग्यांना टोकाशी फाटे फुटतात, दिवाळीतल्या फुलबाजीसारखे. आंधळ्यालाही ओळखू येईल असे नाही, पण दोन्ही शेजारी लावून पाहिले की फरक दिसतो.

तेव्हा दुसरी सुरी पाट्याची. भंगारवाल्याकडून ट्रकचा एक तुटका पाटा वजनावर आणला. पाटा मुळातच कडक. त्यावर कानस नुसती घसरते. कोणीतरी सांगितले म्हणून तो लाल केला आणि रात्रभर राखेच्या ढिगात पुरून ठेवला. सकाळी मऊ. हे जमले. ट्रकचा पाटा जाड असतो, तो ठोकून पातळ करण्यात दोन दिवस गेले आणि चौघांचे आठही हात भरून आले. जीपचा किंवा छोट्या गाडीचा घेतला असता तर निम्मे ठोकणे वाचले असते. मग कानशीने आकार, मग उतार, मग धारेची कडा. ज्याने त्याने हात लावून पाहिला. गावातली पोरे गोळा झाली. पाते लालभडक केले आणि विहिरीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत एकदम सोडले.

आवाज झाला, टिंग! काचेच्या बांगडीसारखा. बाहेर काढले तर धारेपासून पाठीपर्यंत चीर. हातात धरून जरा दाबले, दोन तुकडे. तीन दिवसांचे काम. पोरे हसली नाहीत, हे आम्हाला जास्त लागले.

बाजारात

ते दोन तुकडे फडक्यात बांधून आम्ही आठवडी बाजारात गेलो. बाजाराच्या कडेला दरवर्षी घिसाडी उतरतात. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. शासनाच्या यादीत ही भटकी जमात. घरात गुजराती-राजस्थानी वळणाची बोली, बाजारात आपल्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी. नवरा सांडशीत लोखंड धरून बसतो, छोट्या हातोडीने जागा दाखवतो, आणि घण मारते त्याची बायको. पोरगी भाता चालवते. राजस्थानातून येणारे गाडी लोहार वेगळे. त्यांची कथा अशी की १५६८ साली चितोड पडले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी गड परत मिळेपर्यंत घर न बांधण्याची शपथ घेतली, आणि १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. त्यानंतरही बहुतेकांचे घर गाडीच राहिले. आपल्याकडच्या घिसाड्यांना तेवढाही समारंभ मिळाला नाही.

आम्ही तुकडे पुढे ठेवले. त्याने आधी आमच्याकडे पाहिले आणि ओळखले. दिवाळीच्या आधीच्या बाजारात आम्ही त्याच्याकडून सोंगणीसाठी विळे घेतले होते, चार विळ्यांच्या पैशात पाच. अर्धा तास घासाघीस केली होती. एकाने तर उठून जायचे सोंगही केले होते, आणि मागून हाक आली तेव्हा आम्ही एकमेकांना कोपर मारून हसलो होतो. हे सगळे त्या क्षणी आम्हा चौघांनाही आठवले. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने तुकडा उचलला, तुटलेली कड उन्हात धरली आणि विचारले, "भाऊ, पानी कोनतं देल्लं?"

"विहिरीचं."

"तुमच्याकडचं खारं पानी? मंग तं फुटनच."

खाऱ्या पाण्याची खोड आपल्याला पिकावरून ठाऊक आहे, लोखंडावरून नव्हती. मीठ मिसळलेले पाणी गोड्या पाण्यापेक्षा झपाट्याने उष्णता ओढते. तापलेले पाते त्यात पडले की बाहेरचा भाग आवळतो, आतला अजून फुगलेला असतो, आणि त्या ओढाताणीत लोखंड फाटते. पाट्याच्या लोखंडाला गोडे पाणीसुद्धा जहालच पडते.

मग आम्ही विचारले, तुम्ही काय करता? तेव्हा त्याने एक विळा भट्टीतून काढून दाखवला. अख्खा विळा तो बुडवतच नाही. फक्त धारेची कड पाण्याला लावतो, मनात मोजतो, बाहेर काढतो. पाठीकडे राहिलेली आच हळूहळू धारेकडे सरकते. धार दगडावर एकदा घासून तो तिचा रंग बघत बसतो, आणि रंग हवा तसा आला की पुन्हा बुडवतो. सगळे मिळून दहा-बारा श्वासांचे काम. आम्ही म्हटले, आम्हाला शिकवा. तो म्हणाला, "हे तुमाले एका बाजारात नाई जमनार. माहा बाप मले पोरपनापासून मारत होता तवा जमलं. तुमी तेल घ्या. तेल चुका पोटात घेते."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तिथे बसलो. बसण्याचे पैसे त्याने मागितले नाहीत. आम्ही घण मारून पाहिला. जागेवर एकही बसेना. ती बाई तोच घण एका लयीत शंभरदा मारते आणि हातोडी जिथे टेकली तिथेच तो पडतो. आमच्यातला सगळ्यात दांडगा पंधरा घावांत खाली बसला.

मायबहिणींनो, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो आहोत. लोहाराचे काम म्हणजे पुरुषाचे काम, असे आम्ही घरून निघताना धरून चाललो होतो. घिसाड्याच्या संसारात घण बाईच्या हातात असतो, आणि बाजारात भाव करताना आपण नवऱ्याशी बोलतो.

या कामाचे वय

घिसाड्याकडून परतताना आमच्यातला एक, जो थोडे वाचणारा आहे, त्याने एक गोष्ट काढली. आमचा समज असा की लोखंड, यंत्र, हे सगळे इंग्रजांबरोबर आले. विदर्भात मोठमोठ्या दगडांच्या वर्तुळाखाली पुरलेली जुनी माणसे सापडतात. नागपूरजवळ टाकळघाट-खापा, माहुरझरी इथे उत्खनन झाले. त्या पुरण्यात लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या, घोड्याच्या तोंडातल्या लगामी कड्या निघाल्या. आणि नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंड गावी १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अरविंद जामखेडकर यांनी खणले तेव्हा लोखंड गाळायची भट्टीच सापडली. वय अडीच हजार वर्षांहून जास्त. म्हणजे आमच्या खड्ड्यात जी भट्टी आम्ही मोठ्या कौतुकाने बांधली, तिची पणजी काही दिवसांच्या वाटेवर मातीखाली होती, आणि तिच्यात तर दगडापासून लोखंड निघत होते. आम्हाला तयार लोखंडाची सुरी होईना.

मग हा हात गेला कुठे? चांदा भागात लोखंड गाळणारे कारागीर एकोणिसाव्या शतकापर्यंत होते. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. त्याच गाड्यांतून आपला कापूस मुंबईच्या बंदराकडे गेला आणि त्याच रुळांवरून विलायती लोखंडाच्या स्वस्त पट्ट्या आल्या. विणकराचे काय झाले ते आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. लोखंड गाळणाऱ्याचे कोणी सांगत नाही. गावच्या लोहाराला तयार पट्टी स्वस्त मिळाली, त्याचा त्यात फायदाच झाला, हेही खरे. आता पट्टीऐवजी तो ट्रकचा पाटा वापरतो. चार-पाच लाख किलोमीटर ओझे वाहून तुटलेला पाटा विळा होऊन पुन्हा वावरात येतो.

तिसरी

तिसऱ्या खेपेला जीपचा पाटा घेतला. राखेत मुरवून मऊ केला, करवतीने आकार कापला, ठोकणे अगदी थोडे. मुठीसाठी दोन भोके या वेळी आधीच पाडली, कारण पाते एकदा कडक झाले की साधे ड्रिल त्यात शिरत नाही. धारेची कडा एकदम पातळ केली नाही, जाड नाण्याच्या कडेएवढी ठेवली. फार पातळ कड तापताना जळते आणि बुडवताना वाकते.

किती तापवायचे, हा सगळ्यात नाजूक प्रश्न. मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधून लोहचुंबक काढले आणि तारेला बांधले. लोखंड सुमारे ७७० अंशांवर गेले की त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटणे थांबले की आणखी थोडी आच, आणि मग बाहेर. हे काम उन्हात करू नका, रंग कळत नाही. दिवेलागणीला करा. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसला पाहिजे. पळसफुलासारखा नारिंगी झाला तर जास्त झाले, पाते बाजूला ठेवून काळे होऊ द्या आणि पुन्हा तापवा.

तेल सरकीचे घेतले. कापूस पिकवतो तर तेल तरी आपलेच असावे, ही एकाची हौस. खरे तर कोणतेही खाद्यतेल चालते. हात घालता येईल न येईल इतके कोमट केले, कारण गार तेल घट्ट असते आणि पात्याभोवती फिरत नाही. पाते टोकाकडून सरळ उभे बुडवले, तिरपे नाही, आणि आत पुढे-मागे हलवले. तेलाने एकदम पेट घेतला. हे होणार हे आम्हाला सांगितले होते, म्हणून पत्र्याचे झाकण जवळ होते. झाकण टाकले, विझले. जळत्या तेलावर पाणी टाकू नका, भडका छपरापर्यंत जाईल. आणि भांडे लोखंडी घ्या. त्यातही फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा मुळीच नको. तापल्यावर त्यातून काय निघेल ते फवारणी करणाऱ्याला सांगायला नको. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळीही भट्टीत घालू नका, तिचा धूर अंगात ताप आणतो.

टिंग झाले नाही. आम्ही चौघे कान देऊन बसलो होतो. पाते पुसले, कानस लावली, कानस घसरली. म्हणजे कडक झाले.

पण ते कडक पाते तसेच वापरले तर दगडावर पडून तुटते. त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो, आणि आम्ही इथेच पुन्हा फसलो असतो. भट्टीवर धरावे तर एक बाजू निळी होते आणि दुसरी पांढरीच राहते. आमच्यातल्या एकाची बायको इतका वेळ चुलीपाशी बसून आमची मजा बघत होती. ती म्हणाली, फुटाणे काय तुम्ही आगीवर धरून भाजता? मग तिनेच भाकरीच्या जाड तव्यावर चार बोटे वाळू टाकली, खाली मंद जाळ केला, आणि पाते दगडाने चकचकीत घासून पाठीवर वाळूत उभे ठेवले, धार वर. वाळू सगळीकडे सारखी तापते. दहा-पंधरा मिनिटांत पाठीकडून रंग चढू लागला. आधी फिका पिवळा, मग वाळल्या कडब्याचा पिवळा. धारेला कडब्याचा रंग आला की काढायचे. तो साधारण सव्वादोनशे अंशांचा असतो. थांबलात तर तपकिरी होतो, मग जांभळा, मग निळा, आणि निळ्या पात्याची धार लवकर बसते. तिने बरोबर कडब्याच्या रंगावर काढले. तव्यावरची नजर आमच्याकडे नव्हती, तिच्याकडे होती. म्हणून मघाशी "आम्ही चौघांनी केली" म्हणालो ते दुरुस्त करून घ्या. पाच जणांनी केली.

धार लावताना दगड ओला ठेवा. कोरड्या दगडाची धूळ छातीत जाते. इंग्लंडात शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे कोरड्या दगडावर धार लावणारे कामगार ऐन तरुणपणात छातीच्या रोगाने मरत. सुरीवर शिक्का मालकाचा असे.

हिशेब

आता हिशेब. आपल्या बैठकीत हिशेबाशिवाय कोणी बोलत नाही.

पहिल्या दोन सुऱ्यांचे नुकसान आमच्या अडाणीपणाचे, ते सोडा. तिसरीचेच धरू. दोन माणसांचे दोन दिवस, म्हणजे चार मजुऱ्या. वरती एक संध्याकाळ पाचव्या माणसाची, म्हणजे बाईची. ती हिशेबात धरायची का, यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला, हे लाजेने सांगतो. अर्धे पोते कोळसा. पाटा, तेल, कानशीची झीज. मूठ फुकट, कारण तिफन मोडकीच होती. निंदणाच्या मजुरीचा दर लावला तरी या सुरीची किंमत बाजारच्या सुरीच्या कितीतरी पट झाली.

मग आम्ही त्या घिसाड्याचा हिशेब मांडला. आमच्या डोळ्यांदेखत दुपारपर्यंत त्यांचे सहा विळे झाले. आम्ही दिला तो भाव धरला, त्यातून पाटा आणि कोळसा वजा केला. राहिलेल्या पैशात नवरा, बायको आणि भाता चालवणारी पोरगी, तिघांची मिळून निंदणाऱ्या एका बाईची अर्ध्या दिवसाची मजुरीसुद्धा नीट निघत नव्हती. विक्री झाली नाही तो दिवस, वाटेवरचे दिवस, पावसाळा, बापाचा मार खाऊन शिकलेली वर्षे, हे काही आम्ही धरलेच नाही.

भावांनो, उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा, बाईच्या श्रमाचे पैसे धरा, म्हणून आपण किती वर्षे रस्त्यावर उतरतो आहोत. आणि दिवाळीच्या बाजारात चाराच्या भावात पाच विळे आम्हीच घेतले. खेड्यावर कापूस घ्यायला येणारा व्यापारी गाठोड्यात हात घालून तोंड वाकडे करतो आणि उठून जायचे सोंग करतो, तेव्हा आमच्या अंगाचा तिळपापड होतो. ते सोंग आम्हालाही येते.

आमच्यातला एक हे मान्य करत नाही. त्याचे म्हणणे असे की भाव करणे हा बाजाराचा धर्म आहे. घिसाडीही भंगारवाल्याशी घासाघीस करतोच, आणि कारखान्याचा विळा स्वस्त मिळाला तर उद्या सगळे तोच घेतील, तिथे दया दाखवून घिसाडी टिकणार नाही. त्याचे म्हणणे खोटे आहे असे म्हणता येत नाही. फक्त कारखान्याचा विळा वाकला की फेकावा लागतो आणि घिसाड्याचा शेवटून तीन-चार हंगाम चालतो, एवढा फरक त्याच्या हिशेबात धरलेला नाही. वाद अजून चालू आहे. तुमच्यापैकी कोणाला त्यात पडायचे असेल तर जेवणानंतर भेटा.

एक मात्र केले. पुढच्या बाजारी जाऊन तो मागेल त्या भावाने बारा विळे आणि दोन डवऱ्यांच्या पासा सांगितल्या, आणि त्याने डवऱ्याचे माप घ्यायला गावात यावे असे ठरले. तो आला. पार ओलांडून आत यायला जरा बिचकला. बायको आधी आली.

दोन सूचना राहिल्या. शस्त्रांच्या कायद्याची भीती काही जणांनी बोलून दाखवली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र म्हणून धरलेल्या नाहीत. तरीही सुरी कमरेला लावून बाजारात, सभेत किंवा मोर्च्यात येऊ नका. ती वावरात आणि घरात ठेवायची वस्तू आहे. आज आम्ही आणली ती फडक्यात गुंडाळून, आयोजकांना आधी सांगून आणली.

दुसरी अशी. आमच्या गावी या उन्हाळ्यात भट्टी पुन्हा पेटणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी छोट्या गाडीचा तुटका पाटा, एक चांगली कानस आणि पाच किलो लाकडी कोळसा आणावा. घिसाडी नवरा-बायको चार दिवस राहून शिकवायला तयार झाले आहेत. त्यांची दोघांची मजुरी वेगवेगळी ठरली आहे, ती येणाऱ्यांनी वाटून द्यायची आहे. नावे जेवणाच्या सुट्टीत लिहून घेऊ. बायांची नावेही द्या. तवा आणि वाळू आम्ही पुरवू.

आता ही सुरी पुढच्या रांगेपासून मागे पाठवतो आहोत. मुठीकडून धरून द्या-घ्या, धार फार लागते. मुठीजवळ केसाएवढी एक रेघ दिसेल, ती चीर नाही, कानशीचा ओरखडा आहे, आम्ही तपासून पाहिले आहे. लहान पोरांच्या हाती जाऊ देऊ नका, आणि फिरून झाली की इथे परत आणून द्या. आमच्याकडे ही एकच आहे.